वळणावरचा हिरडा

परवा नारायणगावला जीप डेंटिंगला लावली. मिस्त्रीनं गाडीभोवती चक्कर मारली, मागच्या दाराच्या वर टपाच्या पत्र्यावर बोट टेकवलं आणि म्हणाला, "भाऊ, ह्यो खळगा बी उचलून घेऊ का?"

"त्याला हात लावू नको."

"आवं पर लई घाण दिसतंय."

"दिसू दे. गाडी माझी हाय का तुझी?"

मिस्त्रीनं बोट काढून घेतलं. माझं तोंड फटकळ आहे हे नारायणगावपासून आण्याच्या पठारापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं त्याला राग आला नाही. पण त्याला काय सांगणार? तो खळगा दगडाचा नाही, फांदीचा नाही, कुठल्या टेम्पोनं ठोकल्याचाही नाही. ठकूमावशीच्या तळहाताचा आहे. एकाच जागी वर्षानुवर्षं थापा मारून मारून बाईनं लोखंडाचा पत्रा आत दाबला.

मी राजुरीचा. घरची शेती थोरला भाऊ बघतो, मला लहानपणापासून गाडीचं वेड. जुन्नरहून पश्चिमेला, आपटाळ्याच्या पुढं डोंगरातल्या वाड्यांना मी जीप चालवतो. आमच्या अंगाला ऊस, कांदा, द्राक्षाच्या बागा. तिकडं भाताची खाचरं आणि उतारावर हिरड्याची झाडं. वस्ती सगळी महादेव कोळ्यांची. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या शिवेवर पांगरवाडी म्हणून वाडी आहे, ठकूमावशी तिथली. माझी सख्खी किंवा चुलत कोणी नव्हे. पॅसेंजर. पण अशी पॅसेंजर की तिच्यापायी बाकीच्या पॅसेंजरांनी मला शिव्या घातल्या.

एक तर ती जीपमध्ये कधी बसली नाही. मागच्या फूटबोर्डावर उभी राहायची, एक हात टपाच्या दांडीला, दुसरा मोकळा. तो मोकळा हात हाच माझ्या जिवाला घोर. रस्त्याकडेला कुणाची शेळी आजारी दिसली, थाप. पाण्याचा पाइप गळताना दिसला, थाप. गेल्या आठवड्यात जिला ताप होता ती बाई आज धुणं घेऊन चाललेली दिसली, तरी थाप, का तर बरी कशी झाली ते विचारायचं. धाडकन आवाज झाला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

"मावशी, ही जीप हाय, ढोलकी न्हाई!"

"मंग ढोलकीला बिरेक आसतो व्हय?"

गाडीतले सगळे हसायचे, मी तणतणायचो, आणि ती तोवर उतरून कुणाच्या तरी अंगणात पोचलेली असायची.

"आत जागा हाय, बस की जरा," असं मी सुरुवातीला म्हणून पाहिलं. तर म्हणाली, "बसलं का माणूस जड व्हतं. मंग उठवत न्हाई." चहासुद्धा उभ्यानं प्यायची. लग्नात पंगतीला बसायचं नको म्हणून वाढपी व्हायची. ग्रामसभेत दाराच्या चौकटीला टेकून उभी, आणि टेकलेली तरी कुठली, एक पाय सारखा जमिनीवर आपटत असायचा. वाडीतले म्हणायचे, ठकू पाळण्यातसुद्धा उभीच झोपली असणार.

अंगानं काटकुळी, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, गालात कायम हिरड्याचा तुकडा. कुणी खोकलं की कनवटीचा हिरडा काढून त्याच्या हातावर ठेवायचीच. माझ्या जीपच्या पुढच्या काचेपाशीही एकदा तिनं एक ठेवला. "चघळत जा. घसा साफ व्हईल, मंग जरा गोड बोलशील." मी चघळला. तोंड कडू झालं, स्वभावात काही फरक पडला नाही.

नवरा लवकर गेला होता. एक मुलगा, तो चाकणला कंपनीत, बायको-पोरांसकट तिथंच. तो तिला न्यायला यायचा आणि ती त्याला परत पाठवायची. कारण विचारलं की म्हणायची, "तितल्या खोलीत चार पावलं टाकली का भिंतच येती. माझं कसं व्हायचं?"

आता ती कामाची गोष्ट सांगतो. एकदा कुठल्याशा संस्थेच्या शिबिराला ठकूमावशी पुण्याला गेली. तिथं एका वकीलबाईंनी सांगितलं की जगभरात असे पुष्कळ लोक आहेत, डोंगरात, जंगलात, बर्फात राहणारे, जे राज्य-सरकारं यायच्या आधीपासून आपापल्या जागी आहेत. त्यांची जमीन, त्यांची झाडं, त्यांचं खाणं-पिणं, औषधपाणी, देव, गाणी, रीतभात हे सगळे त्यांचे हक्क आहेत, आणि साऱ्या देशांनी मिळून तसा जाहीरनामा केलाय. शिवाय खाणं-पिणं, दवापाणी, रीतभात यांचा देशादेशांत झालेला एक वेगळा करारही आहे. त्यांच्या जागेत काही करायचं तर आधी त्यांना मोकळेपणानं विचारावं लागतं, सगळं नीट समजावून सांगावं लागतं, आणि ते हो म्हणाले तर पुढं जायचं. ठकूमावशी हे ऐकून परत आली ती पार बदलून. बदलून म्हणजे, आधी पायाला भिंगरी होती, आता जिभेलाही लागली.

"जगात लिवलंय!" हा तिचा मंत्र. रेशनच्या तांदळाला वास आला, जगात लिवलंय. दवाखान्यात डॉक्टर नाही, जगात लिवलंय. एकदा मी जागा भरली म्हणून पांगरवाडीच्या दोन बायांना घेतलं नाही, तर माझ्यावरच उलटली. "राजुरीकर, जगात लिवलंय, आन तुला ठावं न्हाई?"

"जगात माझ्या जीपचं लिवलंय?"

"तुझ्या जीपचं न्हाई. बायांचं लिवलंय. सरका रं समदे!"

सगळे सरकले आणि बाया बसल्या. ती आपली फूटबोर्डावर.

एकदा कचेरीत साहेबांसमोर तिला घेऊन गेलो होतो. गेलो म्हणजे, गाडी माझी, आणि ती मलाही आत बोलावणार याची मला खात्रीच होती. वाडीच्या वनहक्काच्या दाव्याचं काम होतं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं विचारलं, "मावशी, कुठल्या कलमाखाली म्हणता हे?" ठकूमावशीनं धडाक्यात एक आकडा सांगितला. शेजारी त्या वकीलबाई होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "मावशी, ते नाही, दुसरं कलम आहे." मला वाटलं आता हिची बोलती बंद. कसली बंद! "नंबर चुकला आसंल, बाई. गोष्ट न्हाई चुकली."

साहेब हसला. मग त्यानं शांतपणे समजावलं. तो जाहीरनामा म्हणजे कायदा नव्हे, त्यावरून इथं कुणावर सक्ती करता येत नाही. शिवाय आपल्या देशाचं म्हणणं असं, की इथले आपण सगळेच मूळचे.

"पर तितं आपल्या देशानं हात वर केला का न्हाई?"

"केला. बाजूनं मत दिलं."

"आन दुसरा त्यो करार, खान्यापिन्याचा, दवापान्याचा, रीत जपायचा?"

"त्याच्यात तर आपण आहोतच."

"मंग झालं की! चारचौघांत हात वर करायचा, आन घरी येऊन म्हनायचं मी न्हाई त्यातला? आमच्या वाडीत आशा मानसाला सोयरिकीला बोलवत न्हाईत."

साहेबानं चहा मागवला. तिनं तो उभ्यानं प्याला.

मला तेव्हा हे सगळं खुळेपणाचं वाटायचं, खोटं कशाला बोलू. आम्ही सातबारावाली माणसं. आमच्यात बांधावरच्या एका बाभळीवरून दोन चुलत्यांनी कोर्ट केलं, आणि बाभळ वाळून गेली तरी तारखा चालूच होत्या. कागद म्हणजे मालकी, ही आमची शिकवण. मग एके दिवशी ठकूमावशीनं मला दुसरी मालकी दाखवली.

उन्हाळा लागला होता. पांगरवाडीच्या अलीकडं एक ओढा आहे. तिथं एकदम थाप पडली, एकापाठोपाठ तीन-चार. मी गाडी थांबवेपर्यंत ही उडी मारून ओढ्यापलीकडं. तिथल्या हिरड्यावर दुसऱ्या गावची दोन माणसं चढली होती, त्यांना खाली उतरवून अशी काही झापली की बिचाऱ्यांनी काढलेला हिरडा तिथंच ओतला आणि पळाले. परत आली तेव्हा मी विचारलं, "झाड तुझं का?"

"मसाजीचं."

मसाजी म्हणजे वाडीतला एक अबोल माणूस. शेताचा तुकडा एवढासा, म्हणून दर साली बायकोला घेऊन पूर्वेकडं मजुरीला जायचा. माझ्याच जीपनं.

"मग जमीन मसाजीची?"

"जमीन खालच्या आळीच्या लांडे भावकीची. झाड मसाजीचं. सावली समद्यांची."

"असं कुठं असतंय का?"

"हितं आसतंय. त्याच्या आज्यापासनं आसंच हाय." मग तिनं सांगितलं. तिकडं हिरड्याची झाडं घराण्याघराण्यांत वाटलेली असतात. कुणाचं झाड सरकारी जंगलात, कुणाचं दुसऱ्याच्या रानात. कुठं पाटी नाही, कुठं नोंद नाही, पण कुठलं झाड कुणाचं हे शेंबडं पोरही सांगेल. उन्हाळ्यात कोवळा हिरडा काढायचा, अंगणात वाळवायचा, काळा पडला की बाळहिरडा म्हणून विकायचा, त्यावर घर चालायचं. आणि कुणी गावाला गेलं तर झाडाला राखण ठेवायची. राखण म्हणजे शब्द. ज्याला सांगितलं त्यानं झाड सांभाळायचं, आणि त्या झाडाचा खाली पडलेला हिरडासुद्धा स्वतः उचलायचा नाही.

"मसाजीची राखण माझ्याकडं हाय," असं म्हणून तिनं ओतलेला हिरडा एका फडक्यात बांधला, मसाजीच्या भावकीत नेऊन दिला.

तिचं स्वतःचं एकच झाड होतं. ओढ्याच्या अलीकडं, जिथं वाडीची वाट वळते तिथं, बुंधा दोघांच्या कवेत मावायचा नाही असा. माहेरही याच वाडीतलं, बापानं लग्नात चोळीबांगडीला दिलेलं. तिकडं लेकीला जमीन देत नाहीत, पण ज्याला जमतं तो एखादं झाड देतो. "सोनं दिलं आसतं तर नवऱ्याच्या दुखन्यात मोडलं आसतं," ती म्हणायची, "झाड कसं मोडनार?" जीप वळणावर आली की तिचा मोकळा हात थाप मारायला वर जायचा नाही, तो बाहेर निघून त्या झाडाच्या पानांना लागायचा. तेवढंच एक वळण मला निवांत मिळायचं.

आणि त्या वळणाच्या पुढं जीप जायचीच नाही. वाट होती, पण पावसाळ्यात नुसता राडा. एका श्रावणात, भर दुपारी, मी वळणावर गाडी लावून थांबलो होतो. ठकूमावशीच्या भावाची लेक बाळंतपणाला अडली होती. तिला घोंगडीच्या झोळीत घालून चार जण आणत होते, चिखलात गुडघ्यापर्यंत पाय रुतत होते. ठकूमावशी झोळीपुढं पळत यायची, माझ्यापर्यंत पोचायची, पुन्हा मागं पळत जायची, झोळीला हात लावायची, पुन्हा पुढं. पोरीला गाडीत घातलं, मी जीव तोडून गाडी हाणली. पोर वाचली. बाळ गेलं. दवाखान्याच्या ओट्यावर मी रडलो, मला लाज नाही वाटत सांगायला. ठकूमावशी रडली नाही. ती दवाखान्याच्या आवारात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत राहिली, आणि दर फेरीला माझ्यापाशी येऊन एकच म्हणायची, "रस्ता पायजे, राजुरीकर. रस्ता पायजे."

त्यानंतर तिनं रस्त्याचा ध्यास घेतला. जुन्नर झालं, घोडेगाव झालं, पुणं झालं. कुठल्या दारात तिनं "आरोग्याचा हक्क जगात लिवलाय" म्हटलं नाही! लोक तिला पाहून आतल्या खोलीत जायला लागले. पण बाईनं चिकाटी सोडली नाही, आणि काही सालांनी पांगरवाडीचा रस्ता मंजूर झाला. वाडीत गूळ वाटला. मलाही मूठभर दिला.

मग मोजणीची बातमी आली, आणि सगळ्यांची तोंडं उतरली. रस्ता रुंद होणार म्हणजे कडेची झाडं जाणार. कागदावर झाडं एक तर सरकारची, नाहीतर ज्याची जमीन त्याची. ज्यांची खरोखर होती त्यांचं नाव कुठंच नव्हतं.

ग्रामसभा भरली. मोजणीला येणारी इंजिनियर मॅडम आली होती, वयानं लहान, बोलायला सरळ. मी दाराबाहेर. कुणी म्हणालं रस्ता नको, कुणी म्हणालं झाडं गेली तर जाऊ देत. ठकूमावशी चौकटीत उभी होती, पाय चालूच. ती म्हणाली, "रस्ता मीच मागितलाय. त्यो व्हनारच. पर ज्याचं झाड त्याला इचारल्याबिगार तोडायचं न्हाई. इचारा तर! जगात लिवलंय, आन जगात नसतं लिवलं तरी इचारलं आसतं का न्हाई तुमी, मॅडम? तुमच्या घरातलं काय न्यायचं तर मी इचारीन का न्हाई?"

"विचारीन," मॅडम म्हणाली. "पण कुणाला विचारू? नोंदच नाही."

"नोंद न्हाई तर मानूस हाय. मोजनीच्या दिशी ज्यानं त्यानं आपल्या झाडाखाली उभं ऱ्हायचं. तुमी येऊन इचारा."

मॅडमनं विचार केला आणि कबूल केलं. ज्या झाडाखाली माणूस उभा असेल त्याचं नाव लिहायचं, त्याचं म्हणणं ऐकेपर्यंत झाडाला धक्का नाही. ज्या झाडाखाली कुणी नसेल त्यावर लाल खूण. एक अडचण मात्र तिनं आधीच सांगितली. ओढ्यापाशी रस्ता एक तर अलीकडून जाईल नाहीतर पलीकडून. अलीकडं वळणावरचा हिरडा, पलीकडं एकच झाड. तिथं दोन्हींतलं एक जाणारच.

पलीकडचं झाड म्हणजे मसाजीचं. आणि मसाजी आदल्याच आठवड्यात बायकोला घेऊन आण्याच्या पठारावर कांदा काढणीला गेलेला. माझ्या जीपमधून उतरताना तो ठकूमावशीला म्हणाला होता, "मावशे, झाडाकडं बघ." तिनं मान डोलावली होती. मी साक्षीदार. मोजणीचं कळल्यावर मी त्याला फोन लावला, पुन्हा पुन्हा लावला. बंद. आणे म्हणजे काही एक वावर नव्हे, कुठं शोधायचा?

मोजणीच्या दिवशी सकाळी मी गाडी वळणाखाली लावली आणि वर बघितलं. राव, मी असलं काही आयुष्यात बघितलं नव्हतं. साऱ्या उतारावर माणसं उभी. प्रत्येक हिरड्याखाली कुणीतरी. म्हातारी काठी टेकून, बाप्या डोक्याला मुंडासं बांधून, एक बाई कडेवर तान्हं घेऊन. आमच्यात एवढी माणसं जमली असती तर कुणी ना कुणी शेजारच्या झाडाकडं एखादं पाऊल सरकलंच असतं. इथं नाही. ठकूमावशी मात्र पळत होती, वरून खाली, खालून वर, कुणाला पाणी दे, कुणाला सावलीत सरकव. मॅडमची माणसं दिसली तशी ती धापा टाकत वळणावर आली आणि आपल्या हिरड्याला पाठ लावून उभी राहिली.

मोजणीवाले ओढ्यापाशी दोन बाजूंना फुटले. रंगाचा डबा घेतलेला माणूस अलीकडं, मॅडम पलीकडं. आणि पलीकडं मसाजीचं झाड रिकामं.

मला सगळं लख्ख दिसलं. मावशी, मी म्हणालो, उभी ऱ्हा गप. हलू नको. रस्ता पलीकडून जाणार, तुझं झाड वाचलं.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता थोबाडीत देते. "मसाजी तुमच्या पूर्वेला कांदा काढतोय," ती म्हणाली, "आन मी हितं त्याचं झाड खाऊ? त्यानं मला सांगितलंय ना?"

"अगं पण तुझं..."

"माझं मी बघन."

"मग तुझ्या झाडाखाली मी थांबतो. मॅडमला काय कळतंय?"

"न्हाई," ती ओरडली. "तू राजुरीचा. ह्ये झाड तुझं न्हाई, तू राखन बी न्हाईस. आज येक मानूस खोटा उभा ऱ्हायला ना, तर वरची समदी खोटी झाली. जा, गाडीत बस जाऊन."

आणि ती गेली. दगडांवरून ओढा ओलांडून, लुगडं ओलं करत, मसाजीच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. मीही मागोमाग गेलो, मला काही गाडीत बसवेना.

मॅडमनं वही उघडली. "नाव सांगा."

"मसाजीचं लिवा. तो गावाला गेलाय. मी राखन."

"मावशी, आणि तुमचं झाड?"

"त्ये काय." तिनं वळणाकडं बोट केलं. तोवर डबेवाल्यानं रिकामं झाड बघून बुंध्यावर लाल खूण केलीसुद्धा.

मॅडम गडबडली. म्हणाली, थांबा, मला माहीत आहे ते तुमचं आहे, मी खूण पुसायला लावते, दोन्ही झाडांवर हरकत लिहिते, सुनावणी होऊ दे. "पण मग काम लांबणार, मावशी. पावसाळ्याआधी नाही व्हायचं."

ठकूमावशीचा पाय आपटायचा थांबला. मी इतकी वर्षं बघतोय, कधी थांबला नव्हता. ती ओढ्याकडं बघत होती, त्या चिखलाच्या वाटेकडं, जिथून ती झोळी आली होती. तिची भाची पुन्हा गरोदर होती, ते मला नंतर कळलं.

"मसाजी हितं न्हाई," ती हळू बोलली. "त्याला इचारता येत न्हाई. म्हून त्याचं तोडता येत न्हाई. मी हितं हाय. मला इचारा."

मॅडमनं वही मिटली. डोक्यावरची टोपी काढली. आणि वरच्या उतारावरची सगळी माणसं ऐकत असताना तिनं विचारलं, "ठकूबाई, वळणावरचा हिरडा तुमचा आहे. रस्त्यासाठी तो तोडायचा आहे. तुमची परवानगी आहे का?"

त्या एका प्रश्नासाठी बाईनं किती दारं ठोठावली होती! आणि जिच्या जिभेला हाड नाही असं मी रोज म्हणायचो, तिनं आधी ओल्या लुगड्याचा काठ पिळला. मग ती म्हणाली, "येवढा यंदाचा हिरडा काढू द्या. मंग घ्या."

"लिहिते तसं," मॅडम म्हणाली. तिनं तसं लिहिलं आणि मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

त्या उन्हाळ्यात ठकूमावशी स्वतः झाडावर चढली. खाली मी उभा, वर बघत, शिव्या देत, की पडशील, हाडं मोडतील. ती शेंड्याकडून ओरडायची, "मोडली तर जगात लिवलंय, राजुरीकर, दवाखान्यात न्यायचा हक्क हाय मला!" मसाजी काढणी उरकून आला, त्याला सगळं कळलं. तो बोलणारा माणूस नव्हे. त्यानं आपल्या झाडाचा एक डालगंभर हिरडा काढला आणि तिच्या अंगणात नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी डालगं त्याच्या दारात परत. ठकूमावशी म्हणाली, राखणीनं पडलेलासुद्धा उचलायचा नसतो, हे तुला कुणी शिकवलं न्हाई का?

पावसाच्या आत झाड तोडलं. मी त्या दिवशी मुद्दाम दुसऱ्या रूटला गाडी घातली. रस्ता झाला, चांगला झाला. त्या पावसाळ्यात तिच्या भाचीला मी वाडीतून थेट दवाखान्यात नेलं. मुलगी झाली, दणदणीत. ठकूमावशी दवाखान्यात आली, बाळाला बघितलं, उभ्यानं चहा प्याली.

दिवाळीनंतर मुलगा पुन्हा न्यायला आला, आणि या खेपेला ती हो म्हणाली. का, ते मी विचारलं नाही. गाठोडं घेऊन ती माझ्या जीपच्या फूटबोर्डावर चढली, मुलगा आत बसला. वळणावर धाडकन थाप पडली.

मी थांबलो. ती उतरली, रस्त्याकडेला हिरड्याचं रुंद खोड राहिलं होतं तिथवर गेली, आणि खोडावर बसली. आत कुणीतरी म्हणालं, भाऊ, उशीर होतोय. मी म्हणालो, गप बसा. आरशात बघत होतो. ठकूमावशी बसली होती. पाय हलत नव्हता. वाऱ्यावर पदर उडत होता तो तिनं सावरलाही नाही. मग तिचा तो मोकळा हात वर आला, सवयीनं, पानं शोधत. वर काहीच नव्हतं. थोडा वेळ हात तसाच राहिला, आणि मग तिनं तो खाली घेऊन खोडावर ठेवला.

मी हॉर्न वाजवला नाही.